मास्तरांचा जोडहात

१

"वरच्या मास्तरांचा हात गेलाय म्हणे," रेडिओ इस्त्रीवाल्याला सांगत होत्या. "चित्रं ते काढतच नाहीत आता. मग काढतंय कोण? तर..."

तेवढ्यात कपड्यांचं गाठोडं घेऊन मी पुढ्यात उभी राहिले. रेडिओ म्हणजे आमच्या इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बाई. सकाळी सहाला सुरू होतात आणि आवाज कमी करायचं बटण देवानं दिलेलं नाही. त्या मला बघून चक्क बंद पडल्या. इस्त्रीवाल्यानं आधीच कडक झालेल्या कॉलरवर पुन्हा पाणी शिंपडलं.

"तर काय?" मी विचारलं.

"तर काही नाही. तुमच्या ह्यांची पॅन्ट झाली का, ते विचारत होते."

"आमच्या ह्यांच्या पॅन्टची चौकशी तुम्हाला कशाला हो?"

इस्त्रीवाला हसला, रेडिओ लाल झाल्या आणि विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. खोटं कशाला बोलू, मला इमारतीत सगळे दुर्बीण म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी ते 'तर' तिथंच पुरं करून घेतलं असतं. पण आमच्या मास्तरांबद्दल कुणी असं अर्धं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

२

मास्तर आमच्या डोक्यावर राहतात. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मास्तरही त्यांच्या हाताखाली रंगवायचे. मास्तरांनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि उरलेल्या वेळात दोन धंदे केले, चित्रं काढली आणि यंत्रं बनवली. तीन पेटंट आहेत त्यांच्या नावावर, शिक्क्याचे कागद फ्रेम करून लावलेत. आमच्या जिन्याचं दार पूर्वी तोफेसारखं आपटायचं. मास्तरांनी त्याला दोरी आणि वाळूची पिशवी लावली, तेव्हापासून ते सुनेसारखं हळूच मिटतं. माझे डोळे कमी झाले आणि शिलाई मशीनच्या सुईत दोरा जाईना, तेव्हा त्यांनी पत्र्याची एक चिमुकली जीभ करून दिली. जीभ सुईला लावायची, दाबायची, दोरा आत. सात वर्षं झाली, अजून चालतेय. मी शिवणावर घर चालवायला हातभार लावते, त्यामुळे ही गोष्ट किती मोठी ते मला विचारा.

"चित्र हे डोळ्याचं काम, यंत्र हे हाताचं," मास्तर म्हणायचे. "मी दोन्हीकडे हजेरीवरचा मजूर."

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे जोडहात. गुडघे गेल्यावर शिडीवर चढून मोठं चित्र रंगवता येईना, म्हणून त्यांनी तो केला. छोट्या खोलीत टेबलाला एक मूठ बसवली. मोठ्या खोलीत भिंतभर कॅनव्हास, आणि त्याच्यापुढे लाकडी पट्ट्यांचा एक लांब हात, त्याच्या टोकाला कोळशाची कांडी. मुठीपासून हातापर्यंत दोऱ्या, कप्प्यांवरून, दाराच्या वरच्या भोकातून गेलेल्या. मास्तरांनी इकडे मूठ वीतभर सरकवली की तिकडे हात चार वीत सरकायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. कप्प्या फार कुरकुरायच्या म्हणून दर आठवड्याला माझ्याकडची तेलाची कुपी न्यायचे आणि परत देताना कुपीवर बोटाचा काळा ठसा ठेवायचे. तो मी पुसायची नाही.

त्या जोडहातावर गेलं वर्षभर ते वाचनालयासाठी चित्र काढत होते. आमचा सबंध रस्ता, आणि त्यावर कामं करणारी एकसष्ट माणसं. पोस्टमन, नर्स, बसड्रायव्हर, खुद्द इस्त्रीवाला. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर ते लागणार होतं आणि खाली पितळी पाटीवर मास्तरांचं नाव. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या, दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या आणि दुसऱ्यांच्या घरचे फोटोवरून चेहरे काढले. स्वतःच्या नावाची ही पहिली पाटी.

३

मी मशीनवर बसते ती बरोब्बर त्यांच्या मोठ्या खोलीखाली. दुपारी दोन वाजले की छतातून आवाज सुरू व्हायचा. खर्र... खर्र... मग थांबून एक बारीक खस्. मला त्याची इतकी सवय, की त्या तालावर माझं पायडल चालायचं.

इस्त्रीवाल्याकडचा प्रसंग झाला त्याच दिवशी, असाच आवाज चालू असताना, मी जिना झाडायला बाहेर आले. बघते तर मास्तर जिना चढून वर येतायत. डाव्या काखेत पाव, उजवा हात कोटाच्या खिशात. मागून वहिनी, भाजीची पिशवी घेऊन.

"काय ताई, जिना झाडताय की बातम्या गोळा करताय?" मास्तर म्हणाले.

"दोन्ही. केर वेगळा काढते," मी म्हटलं.

ते खळखळून हसले. आणि त्यांच्या हसण्याच्या मागून, वरून, मला ऐकू आलं. खर्र... खर्र... खस्.

नवरा-बायको दोघंच राहतात ते. मूलबाळ नाही, कामवाली नाही. दोघंही माझ्यासमोर जिन्यात उभी.

मी म्हटलं, उंदीर असेल. मग वाटलं, उंदीर असा ताल धरत नाही. मग म्हटलं, खिडकी उघडी राहिली असेल, वाऱ्यानं कागद घासत असेल. माणसाच्या बुद्धीला टेकायला जागा लागते, कुठलीही चालते. एवढ्यात माझी नजर मास्तरांच्या खिशाकडे गेली. हात आत होता आणि खिशाचं कापड हलत होतं, अगदी थोडं. वर खर्र झालं की हलायचं. वर थांबलं की थांबायचं.

किल्ल्या चाळवत असतील, मी म्हटलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नजरेच्या मागे जाऊन खिशाकडे बघितलं, आणि मास्तरांना म्हणाल्या, "चला ना. पाव मऊ आहे तोवर खाऊ." पण वर जायची घाई त्यांच्या पायांत नव्हती. आवाज थांबेपर्यंत दोघंही तिथंच जिन्यात उभी राहिली, मी काय शिवतेय, सध्या कापड कसलं येतं, असलं काहीबाही विचारत.

४

गुरुवारी मला बोलावणं आलं. चित्रात साठ चेहरे झाले होते. नर्स आणि बसड्रायव्हरच्या मधली जागा कोरी होती, ती माझी. मी केस दोनदा विंचरले. आमचे हे म्हणाले, "कोळशानंच काढणार आहेत ना? मग पावडर कशाला?" ह्यांना कळत नाही.

छोट्या खोलीत स्टुलावर मला बसवलं. माझ्यासमोर टेबलाशी मास्तर. त्यांची पाठ दाराकडे, आणि उघड्या दारातून मला मोठ्या खोलीतला कॅनव्हास आणि जोडहात सरळ दिसत होता. चित्र काढताना मास्तर कॅनव्हासकडे बघतच नसत, बसलेल्या माणसाकडे बघत. वहिनींनी त्यांचा उजवा हात उचलून मुठीवर ठेवला आणि सुती पट्ट्यानं बांधला, चार वेढे घेऊन.

"घाम येतो, मूठ निसटते," त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

"हनुवटी वर, ताई. बास. आता बोलायचं नाही. जमेल?"

"प्रयत्न करते," मी म्हटलं, आणि काम सुरू झालं.

शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट झोपेतही कळते. आधी पाय, मग चाक, मग सुई. तुम्ही कितीही भरभर चालवा, सुई पायाच्या मागेच असते, केसभर का होईना. सुई आधी आणि पाय मागून असं मशीन मी पस्तीस वर्षांत बघितलेलं नाही.

मोठ्या खोलीतला हात डावीकडे वळला. मग मास्तरांची मूठ डावीकडे वळली.

मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मी श्वास रोखून बघत राहिले. तिकडे कांडी थांबली, मग इकडे मूठ थांबली. तिकडे कपाळाची गोलाई सुरू झाली, मग इकडे मास्तरांचा खांदा ओढला गेला. मास्तर बघत होते माझ्याकडे, एकटक, पापणी न हलवता, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. कप्प्यांचा आवाज येत नव्हता. तेव्हा मला आठवलं, तेलाची कुपी मागायला कितीतरी महिन्यांत कुणी आलेलं नाही.

"आज एवढंच," मास्तर एकदम म्हणाले. कपाळ, डोळे, नाक झालं होतं. तोंडाची जागा कोरी होती. "तोंड शनिवारी, पाहुण्यांसमोर काढू. ग्रंथपाल येतायत, आणि बरोबर कुणी परीक्षक. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय की मी काढत नाही." ते हसले. "वाचनालयाचा नियम आहे, ज्याच्या हातचं चित्र त्याचंच नाव. बरोबरच आहे नियम."

५

मास्तर पलंगावर आडवे झाले. वहिनी चहा टाकायला गेल्या. आणि मी, सवयीची गुलाम, दाराच्या वरच्या त्या भोकाकडे बघायला गेले. मनाची समजूत घालायला एवढंच हवं होतं, की दोरी कुठंतरी अडकत असेल, ताण उलटा लागत असेल. दोऱ्याचा ताण मला कळतो. त्यात मला कुणी शिकवू नये.

दोऱ्या तुटलेल्या होत्या.

दोन्ही. दाराच्या चौकटीमागे लोंबत होत्या, टोकं पिंजलेली, आणि त्या टोकांना कोळ्याचं जाळं धरलेलं. धूळ बसलेली. मी बोट लावलं तर बोटावर धूळ आली.

"बघितलंत?" मागून वहिनी म्हणाल्या. हातात दोन कप.

"नाही," मी म्हटलं.

"दुर्बीण म्हणतात ना तुम्हाला? मग बघितलंत." त्यांनी कप टेबलावर ठेवले. "हात गेला त्याला सहा महिने झाले. सकाळी उठले, तर खांद्यापासून खाली काही नाही. डॉक्टर म्हणाले, येणार नाही परत. आधी डाव्या हातानं उजवा ढकलत होते. मग दोऱ्या तुटल्या. मी म्हटलं, चला, सुटलो. चित्र राहिलं तर राहिलं."

"मग?"

"मग काय. चित्र थांबलं नाही."

मला पुढं विचारायचं धाडस होईना. मला! शेवटी एवढंच म्हटलं, "भीती नाही वाटत?"

"दुपारी आम्ही बाहेर पडतो ते कशासाठी? त्यांना ऐकवत नाही. डोळा लागला, कुठं विचारात पडले, की तिकडे सुरू." त्यांनी दाराकडे पाठ केली. "ताई, ते चेहरे त्यांचेच आहेत. तुम्ही बघा. नर्सच्या भुवईला ते जसं दाबून उचलतात, तसं दुसरं कोण उचलेल? चाळीस वर्षं बघतेय मी ती रेघ. पाटीवर नाव लागलं नाही तर ते मरतील असं नाही. जगतील. पण कोण म्हणून जगतील?"

चहा गार झाला. दोघींनीही प्यायला नाही.

६

शनिवारी सकाळी दहाला पाहुणे आले. ग्रंथपाल गरीब माणूस, सारखे चष्मा पुसणारे. परीक्षक मात्र उंच, ताठ, आणि बोलताना नाकातून हवा सोडणारे. त्यांच्या काखेत छापील फॉर्म होता. मी स्टुलावर बसले. वहिनी पट्टा घेऊन पुढे झाल्या.

"पट्टा कशाला?" परीक्षकांनी विचारलं.

"घाम..." वहिनी म्हणाल्या.

"पट्ट्याशिवाय काढा की."

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं आणि मान हलवली. वहिनींनी हात मुठीवरच सोडला. तो मुठीवरून घसरला, टेबलाच्या कडेवरून खाली गेला आणि मांडीवर पडला, ओलं फडकं पडावं तसा. 

"हात गेलाय तुमचा," परीक्षक म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाले. "कुणी सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं."

"म्हणजे लोक म्हणतात ते खरं. हे यंत्र चित्र काढतं."

रेडिओचं ते 'तर' असं पुरं झालं. माझ्या कानशिलात आग पेटली. मी म्हटलं, "यंत्र काढतं म्हणजे काय? यंत्र केलं कुणी? तुम्ही?"

"बाई, तुम्ही मॉडेल आहात. मॉडेल बोलत नाही."

ते मोठ्या खोलीत गेले. मोटर कुठं लपवलीय, वायर कुठून आलीय, सगळं हुडकलं. तुटलेल्या दोऱ्याही त्यांना दिसल्या. मग त्यांनी आणि ग्रंथपालांनी मिळून दोन खिळे उपसले आणि जोडहात कॅनव्हासपुढून काढून खाली निजवला. कोळशाची कांडी ग्रंथपालांनी हातात घेतली. तळवा काळा झाला म्हणून ते बिचारे रुमाल शोधत राहिले. दोघं परत छोट्या खोलीत आले आणि मास्तरांसमोर उभे राहिले, पाठी दाराकडे करून.

"हात निकामी. यंत्र तुटलेलं," परीक्षक म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला ताठा थोडा उतरला होता. "मग मास्तर, हे साठ चेहरे काढले कुणी?"

"मी," मास्तर म्हणाले.

"कशानं?"

मास्तरांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरुवारसारखंच, एकटक. त्यांचा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. दुसरा गुडघ्यावर. मला कधी कुणी असं बघितलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही. माझ्या चेहऱ्यावर जे काही आहे, माझी भोचकपणाची सगळी वर्षं, मनातल्या मनात गिळलेले सगळे शब्द, ते सगळं मोजून घेतल्यासारखं.

"हनुवटी वर, ताई," ते हळूच म्हणाले.

खर्र.

ग्रंथपाल दचकले. "उंदीर आहेत का इथं?" त्यांच्या बोटांत कांडी होती. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

मी एकटीच होते जिचं तोंड त्या दाराकडे होतं. मी हलले नाही. मला बसायला सांगितलं होतं, मी बसले. मोठ्या खोलीत कुणी नव्हतं. जोडहात जमिनीवर होता. कॅनव्हासवर, माझ्या नाकाखाली, जिथं काही नव्हतं तिथं डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका उठला, आणि त्याची रेघ झाली. सावकाश. मधोमध आली आणि थांबली, मास्तर नेहमी थांबतात तशी. मास्तरांनी श्वास घेतला. रेघ पुढं सरकली, दाबून, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक होऊन संपली. खस्.

मी किंचाळले नाही. खरं सांगायचं तर भीतीच्या खाली, अगदी तळाशी, मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. शाळेत आपल्या घरातल्या पोराचा पहिला नंबर पुकारला की वाटतं ते. बघा, मी मनात म्हणत होते, वळा आणि बघा, नाकातून हवा सोडणाऱ्या माणसा. बघ आमचे मास्तर.

ते वळले तेव्हा सगळं शांत होतं.

७

परीक्षक कॅनव्हाससमोर जाऊन उभे राहिले. मग ग्रंथपालांना म्हणाले, "ह्या बाईंचं तोंड... मगाशी कोरं होतं ना?"

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. त्यामुळे काचेलाही कोळसा लागला. "मला वाटतं... होतंच. नाही का? असणार."

परीक्षकांनी बोट पुढं केलं, रेघेच्या टोकाशी नेलं, आणि न लावताच मागं घेतलं. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही समोर बसला होतात. तुम्ही काय बघितलंत?"

सगळी इमारत जिला दुर्बीण म्हणते, तिला जन्मात पहिल्यांदा कुणी अधिकृतपणे विचारत होतं. मी उठून कॅनव्हासपाशी गेले. एकसष्ट माणसांत कुणी हसतंय, कुणी हाक मारतंय, पोस्टमन शिट्टी वाजवतोय. एवढ्या रस्त्यात फक्त माझंच तोंड मिटलेलं. घट्ट. दोऱ्यानं शिवावं तसं, आणि टाका इतका सफाईदार की मलाही जमला नसता.

मी मागं बघितलं. मास्तर खुर्चीत बसून होते, थकलेले, ओलेचिंब. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही, असं मला वाटलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"चित्र मास्तरांनी काढलंय," मी म्हटलं. त्यात एक अक्षर खोटं नाही. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं होतं की नाही, ते मला आठवत नाही. आजपर्यंत ते कुणाशी बोलले मात्र नाही. लिहितेय, ते वेगळं.

छोट्या खोलीत परत येऊन परीक्षकांनी फॉर्म टेबलावर ठेवला. छापील ओळ होती, 'हे चित्र सदर चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढले आहे.' त्यांचं पेन 'हाताने'वर बराच वेळ टेकलं, तिथं शाईचा ठिपका पसरला. मग त्यांनी 'स्वतःच्या हाताने' हे दोन शब्द खोडले, नीट, पट्टी लावून, आणि खाली सही केली. उरलेलं वाक्य तसंच ठेवलं.

"पाटीवर नाव लागेल," ते म्हणाले. मास्तरांना त्यांनी वाकून नमस्कार केला. पण निघताना त्यांच्या समोरून जायचं टाळलं आणि खुर्चीच्या मागून गेले.

वहिनी रडत होत्या. मास्तर डाव्या हातानं त्यांची पाठ थोपटत होते, "अगं, लागलं ना नाव, आता काय?" असं म्हणत.

"साक्षीदाराची सही लागेल," ग्रंथपाल म्हणाले आणि काळ्या बोटांनी पेन माझ्यापुढं धरलं. सातवी शिकलेय मी, सही करायला मला वेळ लागतो. पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं. मागं खुर्ची करकरली. मास्तर वळून बघत असावेत. मी मान वर केली नाही. सही पुरी होईपर्यंत मी माझ्या स्वतःच्या हाताकडे बघत होते, आधी तो हलतोय की पेन, ते नीट बघत.